फेरचाचणी

शुक्रवारी भिवंडीतले यंत्रमाग बंद असतात आणि त्या दिवशी वीज जरा माणसात येते. म्हणून पाणी मंडळाने प्रात्यक्षिकाला शुक्रवार नेमला तेव्हा मंदा तांबेला हायसं वाटलं. भिवंडीलगतच्या टेमघरला तिच्या कामाच्या खोलीत बाकीचे दिवस विजेचा दाब असा खालीवर व्हायचा की चालू संगणक मध्येच बंद पडायचा आणि सकाळपासूनचं काम पुसून जायचं.

ही १९९४ सालची गोष्ट. भिवंडीच्या आसपासच्या गावांना पाणी देणारं एक सरकारी मंडळ होतं, खाडीपट्टा पाणीपुरवठा मंडळ. त्याची पाणीबिलं कारकून हाताने लिहीत. नावं चुकत, बिलं उशिरा निघत, एकाचं बिल दुसऱ्याच्या दारात पडे. शेवटी मंडळाने ठरवलं की हे काम संगणकावर घ्यायचं आणि बिलं मराठीत छापायची. तशी निविदा वर्तमानपत्रात आली आणि मंदाने ती भरली.

मंदा तेव्हा तिशीला टेकली होती. टेमघरलाच वाढलेली. वडील लवकर गेले. आई कौसल्या एका दवाखान्यात आया होती, तिने एकटीने लेकीला बी.एस्सी. केलं. पुढे मंदाने संगणकाचा कोर्स केला, अंधेरीच्या एका कंपनीत नोकरी धरली, आणि मग ती सोडून परत भिवंडीत आली. रस्त्यालगतची एक खोली भाड्याने घेऊन तिने बाहेर पाटी लावली, 'अक्षर संगणक केंद्र'.

भागीदार होता केसरीनाथ तरे, कशेळीचा, कॉलेजात तिच्याच वर्गात असलेला. त्याच्या घरची जमीन खाडीला लागून. भाऊ जमिनी गोदामांना देऊन मोकळे झाले होते, पण केसरीनाथला लहानपणापासून बिघडलेले रेडिओ उघडून बसायचा नाद होता. यंत्र त्याने बघायचं आणि प्रोग्राम तिने लिहायचा, अशी दोघांची वाटणी. बाईमाणूस परक्या जातीच्या पुरुषाबरोबर एका खोलीत काम करते म्हणून सुरुवातीला आजूबाजूचे लोक बोलले. मग आतून दोघांची भांडणं ऐकू येऊ लागली तेव्हा लोकांचं समाधान झालं.

भांडणं व्हायची ती मराठी अक्षरांवरून. त्या काळी संगणकाला मराठी येत नव्हती, त्याला ती शिकवावी लागे. पडद्यावर अक्षर दिसलं तरी कागदावर काना एकीकडे आणि मात्रा दुसरीकडे. जोडाक्षराचे तर तुकडे पडत. 'म्हात्रे' टाइप केलं की 'म्हात्रे'च छापून यावं, एवढ्या एका गोष्टीसाठी मंदा दीड वर्ष झटली होती.

प्रात्यक्षिक मंडळाच्या भिवंडीतल्या कार्यालयात झालं. एकूण तीन कंपन्या होत्या. एक मुंबईची, बरीच मोठी. एक पुण्याची. आणि ही टेमघरची. समोर समिती बसली होती आणि तिचे प्रमुख होते कार्यकारी अभियंता राणे. राणेसाहेब निवृत्तीला आलेले. सगळी नोकरी पंप आणि पाइपलाइन यांत गेलेली. सरळ माणूस म्हणून त्यांचं नाव होतं.

पहिली पाळी मुंबईवाल्यांची. त्यांचा माणूस छान बोलणारा होता. त्यांचा प्रिंटर मागाच्या धोट्यासारखा सटासट धावला आणि बघता बघता बिलांची चळत लागली. बिलं इंग्रजीत होती.

"आणि मराठीचं काय?" राणेंनी विचारलं.

"मराठी होईल ना, साहेब. काम सुरू झालं की काही महिन्यांत घालून देऊ. आमच्याकडे त्यासाठी वेगळी माणसं आहेत."

मग पुण्याच्या कंपनीने मराठीत बिलं काढून दाखवली आणि शेवटी मंदा आणि केसरीनाथने. ही बिलं सावकाश निघाली. त्या काळच्या प्रिंटरला इंग्रजी अक्षरं पाठ असत, मराठी अक्षर मात्र चित्रासारखं टिंब टिंब करून काढावं लागे. प्रिंटर रडल्यासारखा आवाज करत एकेक ओळ पुढे सरकत होता. पण कागद बाहेर आला तेव्हा नावं स्वच्छ होती. समितीतल्या एकाने बिल हातात घेऊन मान डोलावली. केसरीनाथने टेबलाखालून मंदाला अंगठा दाखवला.

निकाल लागला तो मुंबईच्या कंपनीच्या बाजूने. पुण्याची दुसरी, टेमघरची तिसरी.

मंदा दुसऱ्याच दिवशी राणेंना भेटायला गेली. त्यांनी तिला बसवून घेतलं.

"वेगात कमी पडलात," ते म्हणाले. "एवढ्या गावांची बिलं काढायची आम्हाला. मुंबईवाल्यांची भराभर निघाली."

"पण साहेब, त्यांनी ती इंग्रजीत काढली."

"मराठी ते करून देणार आहेत. तसं त्यांनी लिहून दिलंय."

"मग मराठीचे गुण त्यांना किती दिले?"

"पूर्ण. तुम्हालाही पूर्ण दिले, पुण्यालाही पूर्ण. त्यात कुणाला डावं-उजवं केलं नाही."

मग तिने विचारलं, "आणि मराठी घातल्यावर त्यांचा वेग किती राहील, साहेब?"

राणेंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"ते आम्ही बघितलं नाही," ते हळूच म्हणाले.

त्यांनी काही लपवलं नाही, याचंच मंदाला नवल वाटलं. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "शिफारस आता ठाण्याच्या मुख्य कार्यालयात गेली. माझ्या हातून ती परत येत नाही. तुम्हाला दाद मागायची असेल तर मुख्य अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. मी आडवा येणार नाही."

खोलीवर येऊन तिने हे केसरीनाथला सांगितलं तेव्हा तो हातातला स्क्रू-ड्रायव्हर आपटून उभा राहिला.

"म्हंजे आपन करून दाखवला आन त्यांनी नुसता सांगितला, आन दोघांना सारखं गुन? वर वेगाचं गुन त्यांनाच?"

"एकाला रिकाम्या हातानं पळवायचं, दुसऱ्याच्या डोक्यावर भरलेला हंडा द्यायचा आणि म्हणायचं, हा जोरात पळाला," मंदा म्हणाली. बोलता बोलता तिचा आवाज चढला. इतका वेळ दाबून ठेवलेला राग आता वर आला होता. "मी अर्ज करणार आहे, केसरी."

"कर. पन येक सांगतो. सरकारावर अर्ज केला का पुढचा काम इसरायचा."

घरी कौसल्याही तेच म्हणाली. "सरकारशी भांडून कुणाचं भलं झालंय? मोठ्या लोकांच्या तोंडी लागू नको, बाय."

"आई, मी भांडत नाही. विचारते."

"इचारणं म्हंजेच भांडण समजतात ती लोकं."

पण सकाळी ड्युटीवर जायला निघताना कौसल्या दारात थांबली. पदर खोचत म्हणाली, "कर अर्ज. पण माणसावर करू नको, कामावर कर. माणसावर केलास की सगळी त्या माणसावरच बोलत बसतात आणि तुझं म्हणणं बाजूला पडतं. दवाखान्यात मी हे लई बघितलंय."

अर्ज लिहायला मंदाला दोन दिवस लागले. तिने त्यात कुणालाही दोष दिला नाही. तिन्ही कंपन्यांची मराठी बिलं एकाच वेळी, सारखीच नावं घेऊन काढून बघावीत आणि मग गुण द्यावेत, एवढीच मागणी केली.

अर्ज ठाण्याला गेला आणि ही बातमी केसरीनाथच्या घरी पोचली. त्याची थोरली बहीण वळ गावात दिली होती. तिच्या नवऱ्याला, म्हणजे दाजींना, गावात मान होता. जमिनीवर गोदामं उभी, दारात जीप, मागे चार माणसं. दाजी स्वतः खोलीवर आले, खुर्ची ओढून बसले.

"पोरी, आशा अर्जानं काय व्हतंय?" ते म्हणाले. "सायबानं पैसं खाल्लं, आसा बोल. मी मानसा घेऊन येतू. हापिसाला कुलूप लावू. मंग बघ कशी धावतान."

"दाजी, त्यांनी पैसे खाल्ले असं मला वाटत नाही."

"वाटाचा काय त्याच्यान? सांगाचा!"

"नाही दाजी. मला फक्त परत चाचणी हवी आहे."

दाजी हसले. त्यांच्या हसण्यात वाईटपणा नव्हता. मेव्हण्याच्या धंद्याचं भलं व्हावं एवढंच त्यांना वाटत होतं. जाताना त्यांनी केसरीनाथच्या पाठीवर थाप मारली. केसरीनाथ सगळा वेळ काहीच बोलला नव्हता.

मुख्य अधिकाऱ्यांनी अर्ज दाखल करून घेतला, सुनावणीची तारीख दिली आणि तोवर करारावरची सही थांबवली. मंदाला वाटलं, अर्धं काम झालं. आणि त्याच आठवड्यात भिवंडीच्या एका साप्ताहिकात पहिल्याच पानावर छापून आलं की पाणी मंडळाच्या संगणक खरेदीत एका अभियंत्याने हात ओले केले. नाव नव्हतं. पण निवृत्तीला आलेला, पंपांचा जाणकार, असं लिहिलं होतं. गावात कुणालाही ओळखू यावं असं.

मंदाने तो अंक केसरीनाथच्या पुढ्यात टाकला.

"हे तू सांगितलंस?"

"मी न्हाय."

"मग?"

केसरीनाथने मान खाली घातली. "मी न्हाय सांगितला. पन दाजीला थांबवला पन न्हाय."

त्या दिवशी दोघं एकमेकांशी पुन्हा बोलली नाहीत. दुपारी मंदा मंडळाच्या कार्यालयात गेली. राणेंना भेटून सांगावं, हे माझं काम नव्हे. पण राणे कुणाला भेटत नव्हते. दाराशी बसलेला शिपाई नामा तिला ओळखत होता. तो म्हणाला, "नका जाऊ आत, ताई. साहेब कुणाशी बोलत नाहीत. पहिलं सगळ्यांच्यात बसून डबा खायचे. आता केबिनमध्ये दार लावून एकटेच जेवतात."

मंदा तशीच मागे फिरली. वाटेत तिला दोनदा वाटलं की अर्ज मागे घ्यावा. पण अर्जात खोटं काय होतं? काहीच नव्हतं. खोटं बाहेरून येऊन त्याला चिकटलं होतं, आणि अर्ज मागे घेतला तर ते खरंच ठरणार होतं. ती तोडपाणी करून गप्प बसली, असं लोक म्हणाले असते. राणेंनीच गप्प बसवली, असंही म्हणाले असते.

सुनावणी ठाण्याला मंडळाच्या मुख्य कार्यालयात झाली. मुख्य अधिकारी एक पन्नाशीच्या बाई होत्या, त्यांना सगळे मॅडम म्हणत. एका बाजूला मंदा आणि केसरीनाथ, दुसऱ्या बाजूला मुंबईच्या कंपनीचा तो छान बोलणारा माणूस आणि मधे, जरा मागे सरकवलेल्या खुर्चीत, राणे. ते वाळले होते. पुण्याच्या कंपनीलाही बोलावणं गेलं होतं, पण तिच्याकडून कुणी आलं नव्हतं.

मॅडमनी अर्ज समोर ठेवला, चष्मा वर केला.

"तुमचा अर्ज मी वाचला. पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. भिवंडीच्या एका साप्ताहिकात काय आलंय ते माझ्याकडे पोचलंय. यात पैशांचा व्यवहार झाला, असा तुमचा आरोप आहे का? असेल तर मला प्रकरण चौकशीला द्यावं लागेल आणि ही निवड आजच रद्द होईल. नसेल, तर समितीने दिलेल्या गुणांत मी सहसा हात घालत नाही. विचार करून सांगा."

केसरीनाथ मंदाकडे बघत होता. ते बघणं तिला गालावर जाणवत होतं. एक 'हो' म्हणायचं होतं. पुरावाही आज कुणी मागणार नव्हतं. चौकशी चालली असती दोन-तीन वर्षं, त्यातून काय निघायचं ते निघालं असतं, पण मुंबईच्या कंपनीचं काम याच खोलीत संपलं असतं. राणे जमिनीकडे बघत होते.

"नाही, मॅडम," मंदा म्हणाली. "राणेसाहेबांनी काही घेतलं असं मला वाटत नाही. तसं मी कुणाला सांगितलेलं नाही. छापून आलं त्याचं मला वाईट वाटतं, आणि तुम्ही म्हणत असाल तर तसं लिहून देते."

केसरीनाथने सुस्कारा सोडला. तो सगळ्यांना ऐकू आला.

"माझं म्हणणं चाचणीबद्दल आहे," ती पुढे म्हणाली. "निविदेत मराठी बिलं मागितली होती. दोघांनी ती काढून दाखवली, एकाने नंतर काढू म्हणून सांगितलं. तिघांना सारखे गुण मिळाले. मग इंग्रजीचा वेग मराठीच्या वेगाशी लावून बघितला गेला. त्यात आम्ही मागे पडणारच होतो. ते मराठी छापतील तेव्हा त्यांचाही वेग उतरेल. किती उतरेल ते कुणालाच माहीत नाही."

मुंबईचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, आमची कंपनी मोठी आहे. मराठी घालणं आम्हाला अवघड नाही. हरल्यावर प्रत्येकालाच चाचणी चुकीची वाटते."

"अवघड नसेल तर घालून आणा ना," मंदा म्हणाली. "सगळ्यांसमोर छापा. त्यात मी हरले तर पुन्हा अर्ज करणार नाही."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. त्या काही बोलणार तेवढ्यात राणे उठून उभे राहिले.

"मॅडम, मी बोलू?"

"बोला."

"मी आजवर पंप कधी कुणाच्या सांगण्यावर घेतला नाही," राणे म्हणाले. त्यांचा आवाज बसलेला होता. "पाण्यात सोडून, चालवून, मोजून मगच घेतला. विकणारा कितीही मोठा असो. संगणकाच्या वेळी मी तसं केलं नाही. मला त्यातलं कळत नव्हतं, आणि कळत नाही असं त्या तरुण मुलांसमोर म्हणायची मला लाज वाटली. जो ठामपणे बोलला त्याचं मी खरं धरलं. समितीतल्या बाकीच्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पैसे मी घेतले नाहीत. पण गुण चुकीचे दिले, हे खरं आहे. या बाईंची मागणी बरोबर आहे."

एवढं बोलून ते खाली बसले आणि रुमालाने तोंड पुसू लागले.

मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी निकाल सांगितला. तिन्ही कंपन्यांची फेरचाचणी. मराठीतच, मंडळाच्या खातेदारांची नावं घेऊन, सगळ्यांच्या समोर. जे दाखवलं जाईल त्यालाच गुण. नंतर करून देऊ म्हटलेल्याला गुण नाहीत.

बाहेर जिन्यात राणेंनी मंदाला गाठलं.

"तुम्ही हो म्हणाला असतात," ते म्हणाले, "तर मी नुसता स्वतःला वाचवत बसलो असतो. बाकी काही बोलण्याचा धीर मला झाला नसता."

फेरचाचणी पुन्हा भिवंडीच्या कार्यालयात, पुन्हा शुक्रवारी झाली. या वेळी हॉल भरला होता. कारकून होते, गावोगावचे सरपंच होते, पाणी सोडणारी माणसंही दाराशी उभी होती. कारकुनांनी मुद्दाम अवघड नावं काढून ठेवली होती. राणेंनी स्वतः हातात घड्याळ घेतलं होतं आणि या वेळी ते प्रत्येक कागद उजेडाकडे धरून, एकेक अक्षर बोटाखाली घेऊन वाचत होते.

मुंबईवाल्यांनी खरंच मराठी घालून आणली होती. पण घाईची. 'कृष्णा'चा 'ष्णा' फुटला, 'म्हात्रे'तला 'म्' एकटाच मागे राहिला. आणि तो सटासट धावणारा प्रिंटर आता मंदाच्या प्रिंटरपेक्षाही रडत चालला होता. हॉलमध्ये खसखस पिकली. केसरीनाथ सगळ्यांत मोठ्याने हसला.

मंदाची बिलं पहिल्यासारखीच निघाली. सावकाश, पण एकही नाव चुकलं नाही.

मग पुण्याच्या कंपनीची पाळी आली. त्यांच्याकडून एक बाई आणि एक माणूस आला होता, दोघंही कमी बोलणारी. पहिल्या वेळी त्यांचा प्रिंटरही सावकाशच चालला होता. या वेळी बाईने सुरू करण्याआधी प्रिंटरला काहीतरी पाठवलं. प्रिंटर नुसताच दिवे लुकलुकवत थांबला. लोक चुळबुळ करू लागले. आणि मग तो एकदम धावत सुटला. मराठीत. नावं बरोबर, जोडाक्षरं बरोबर, आणि वेग जवळजवळ इंग्रजीएवढा.

मंदा जागेवरून उठून पुढे गेली. काय झालं ते तिच्या लक्षात आलं होतं. पुण्याचे लोक प्रत्येक अक्षर नव्याने काढत नव्हते. अक्षरांचे आकार त्यांनी आधीच एकदा प्रिंटरच्या स्मरणात भरले होते, म्हणून आता प्रिंटरला मराठी इंग्रजीसारखीच पाठ झाली होती. असं करता येईल हे तिला कधी सुचलं नव्हतं. तिला त्या बाईचा हेवा वाटला. आणि हेव्याच्या मागोमाग वाटलं, वा.

पुण्याची कंपनी पहिली आली. टेमघरची दुसरी. काम पुण्याला गेलं.

राणे गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ आले. "वाईट वाटलं असेल तुम्हाला."

"वाटलं, साहेब," मंदा म्हणाली. "पण या वेळी का हरले ते मला कळलं."

परतताना रिक्षात केसरीनाथने प्रिंटर मांडीवर घेतला होता. बाहेर बघत तो म्हणाला, "भांडलो आपन. जेवला पुनेवाला. तो तर सुनावनीला आलाच न्हवता."

मांडीवरचा प्रिंटर त्याने सावरून धरला.

"त्या दिशी तू हो म्हनाली आसतीस तर?"

"तर मुंबईवाल्यांचं काम गेलं असतं. आपल्याला मिळालंच असतं असं कुठंय?"

"पन मिलला आसता तर?"

"मिळालं असतं तर राणेसाहेब अजून दार लावून जेवत असते," मंदा म्हणाली. "ते मला बघवलं नसतं, केसरी."

केसरीनाथने तोंड फिरवलं. टेमघरला प्रिंटर उतरवून तो तसाच पुढे कशेळीला निघून गेला आणि पुढचे कितीतरी दिवस खोलीकडे फिरकला नाही.

ते दिवस मंदाला फार जड गेले. खोलीत ती एकटीच बसे. कुणाची पत्रं टाइप कर, कुणाच्या पावत्या छाप, अशी किरकोळ कामं चालू होती. राणेंसमोर ती ताठ उभी राहिली होती, पण घरी एका संध्याकाळी भाकरी मोडता मोडता तिला रडू फुटलं. कौसल्याने तिला रडू दिलं. पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"तुझं म्हणणं खरं निघालं ना?" ती म्हणाली.

"निघालं. पण काम गेलं, आई."

"मग रड कामासाठी. लाजून रडू नको."

पाऊस उलटून गेला आणि एका सकाळी केसरीनाथ दारात उभा राहिला. आत आला नाही. चौकटीला हात लावून म्हणाला, "पुनेवाल्यांना हितं मशीन बघाला मानूस पायजे. त्यांनी मना इचारला."

"मग?"

"मी हो म्हनालो." तो जरा थांबला. "तुला राग आला आसल तर सांग."

मंदाला राग आला होताच. पण तो बोलला नसता तर जास्त आला असता. "आत तरी ये," ती म्हणाली.

तो येऊन नेहमीच्या स्टुलावर बसला. सकाळी मंडळाची मशीन बघायची आणि दुपारनंतर इथे यायचं, असं त्याने ठरवलं होतं. पुण्याच्या कंपनीलाही ते चालणार होतं.

"त्यांनी अक्षरं प्रिंटरात कशी भरली, बघितलंस तू?" मंदाने विचारलं.

"बघितला. पन त्यांचा खातो, त्यांचा कसा सांगू?"

"नको सांगूस. मी काढते शोधून."

केसरीनाथ हसला. मग एकदम गंभीर झाला. "आनखी येक सांगाचा व्हता. मंडलात गेलो ना, तवा पयला रानेसायबांच्या केबिनीत गेलो. त्यांना सांगितला, ती बातमी आमच्या दाजीनं दिली व्हती आन मना म्हाईत आसून मी गप्प बसलो."

मंदा त्याच्याकडे बघतच राहिली. "काय म्हणाले?"

"आधी कायच न्हाय बोलले. मंग म्हनाले, बसा, चहा घ्या."

साप्ताहिकाने कधी खुलासा छापला नाही. दाजींनीही राणेंची माफी मागितली नाही. आपलं काय चुकलं ते त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. राणे पुढच्या वर्षी निवृत्त झाले. निरोपसमारंभाला नामा शिपायाने मंदालाही बोलावलं होतं आणि ती आईला घेऊन गेली होती.

प्रिंटरला अक्षरं पाठ करवण्याची युक्ती मंदाला सापडायला उन्हाळा उजाडला. पहिल्या प्रयत्नात सगळे उकार उलटे छापले गेले. केसरीनाथ शेजारी बसून बघत होता, पण कबूल केल्याप्रमाणे एक अक्षर बोलला नाही, नुसता गालातल्या गालात हसत राहिला. त्यानंतर शहापूरकडच्या एका पतपेढीचं काम निघालं. तिथेही तीन कंपन्या आल्या होत्या. प्रात्यक्षिकाआधी मंदाने उभं राहून विचारलं, गुण कशाला देणार आणि वेग कशावर मोजणार. पतपेढीचे सचिव जरा चमकले, पण त्यांनी ते तिथल्या तिथे फळ्यावर लिहिलं. काम मंदाला मिळालं.